विद्यापीठाच्या नेटवर्कवर स्वतःची उपकरणं: मदत किती, बंधनं किती?

तारयंत्र

मी एका विद्यापीठाच्या संगणक विभागात नेटवर्क सांभाळतो. विद्यार्थी, प्राध्यापक, पाहुणे असे सगळे आपापले फोन आणि लॅपटॉप घेऊन आमच्या वाय-फायवर येतात. त्यासाठी धोरण ठरवायला एक समिती बसली आहे आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. समितीत सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, नेटवर्कवर यायचं तर आम्ही देऊ ते नियंत्रणाचं सॉफ्टवेअर प्रत्येकाने टाकलंच पाहिजे. दुसरा म्हणतो, ज्याचं उपकरण त्याची जबाबदारी. आपण पासवर्ड द्यायचा आणि बाजूला व्हायचं.

मला दोन्ही पटत नाही. पूर्वी प्रयोगशाळेतली यंत्रं आपली असायची, काय टाकायचं काय काढायचं ते आपण ठरवायचो. आता प्रबंध लिहिला जातो, परीक्षेचा अर्ज भरला जातो, गुण चढवले जातात ते यंत्र विद्यापीठाच्या मालकीचं नसतंच. पण त्यात काही घुसलं तर नुकसान आपल्याच माणसाचं होतं. माझं मत असं, की आधी मदत आणि मग नियम. अडचणीला जो धावून येतो, त्याचंच लोक सुरक्षेच्या बाबतीतही ऐकतात.

तुमच्याकडे काय चालतं? कशाचा उपयोग झाला, कशाचा नुसता जाच झाला? विद्यार्थ्यांनी तर नक्की लिहा.

निशाचर

विद्यार्थी हजर! इतके दिवस रोमात (नुसता वाचत) होतो, पण या विषयावर गप्प बसवेना.

आमच्या वसतिगृहात वाय-फाय जोडायची माहितीपत्रिका आहे. त्यात लिहिलंय, ‘सीए प्रमाणपत्र: तपासू नका’ हा पर्याय निवडा. माझ्या फोनमध्ये तो पर्यायच नाही. मदत कक्षात गेलो तर उत्तर मिळालं, तुमच्या फोनमध्ये दोष आहे, दुसरा आणा. माझ्याच मजल्यावरच्या किमान निम्म्या पोरांच्या फोनमध्ये तो पर्याय नाही. सगळेच फोन सदोष कसे?

पॅकेटवाला

@निशाचर, फोन उत्तम आहे, पत्रिका जुनी आहे. अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून तो पर्याय काढायला सुरुवात झाली, आणि काढला ते फार चांगलं झालं. जरा सविस्तर लिहितो, कारण या धाग्याचा अर्धा जीव इथेच आहे.

विद्यापीठाचं वाय-फाय घरच्यासारखं एकाच सामायिक पासवर्डावर चालत नाही. प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड मागच्या रेडियस सर्व्हरकडे जातो आणि तो हो किंवा नाही म्हणतो. आता कुणीही बॅगेत एक छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय सोडणारं यंत्र) घालून वाचनालयात बसला आणि त्याला विद्यापीठाच्याच वाय-फायचं नाव दिलं, तर तुमचा फोन आपोआप त्याच्याकडे जाईल. समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे फोन प्रमाणपत्रावरून, म्हणजे मान्य संस्थेने (सीए) दिलेल्या ओळखपत्रावरून ठरवतो. ‘तपासू नका’ म्हणणं म्हणजे दारावरची नुसती पाटी वाचून घराची किल्ली देऊन टाकणं.

आणि किल्ली जाते ती खरोखरच जाते. बहुतेक ठिकाणी आतली देवाणघेवाण एमएस-चॅप व्ही२ या पासवर्ड पडताळायच्या पद्धतीने होते. पासवर्ड कितीही लांब असो, ती पद्धत फोडणं म्हणजे शेवटी डीईएस या जुन्या कूटपद्धतीची एकच ५६ बिटांची किल्ली शोधणं आहे, हे २०१२ साली डेफकॉन परिषदेत दाखवून दिलं गेलं. म्हणून तिचा सगळा भरवसा बाहेरच्या टीएलएस बोगद्यावर (कूटबद्ध जोडणीवर), आणि बोगद्याचा भरवसा प्रमाणपत्र तपासण्यावर. त्यात बऱ्याच विद्यापीठांत वाय-फायचा, ईमेलचा आणि परीक्षा पोर्टलचा पासवर्ड एकच असतो. पुढचं सांगायला नको.

तर फोनच्या त्या पडद्यावर असं भरा. ईएपी पद्धत: पीईएपी. दुसरा टप्पा: एमएस-चॅप व्ही२. सीए प्रमाणपत्र: ‘सिस्टमची प्रमाणपत्रं वापरा’, किंवा विद्यापीठाने स्वतःचं दिलं असेल तर ते. डोमेन: रेडियस सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरचं नाव, जे मदत कक्षाने छापून द्यायलाच हवं. ओळख: तुमचं लॉगिन. डोमेनचा रकाना लोकांना सगळ्यात फालतू वाटतो आणि खरं रक्षण तोच करतो. जगातल्या कुठल्याही मान्य संस्थेचं प्रमाणपत्र कुणालाही मिळतं, पण तुमच्या विद्यापीठाच्या नावाचं मिळत नाही.

निशाचर

डोमेन मिळवलं (मदत कक्षातल्या एका ताईंनी शोधून दिलं), भरलं, जोडलं गेलं. मनापासून आभार! आता मजल्यावर माझ्या खोलीसमोर रांग लागली आहे.

अक्षरयात्री

वाचनखूण साठवली.

जुनाजाणता

मदत वगैरे ठीक, पण मी पहिल्या तटाच्या बाजूने लिहिणार आहे.

ब्लास्टर वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्राम) आठवतो का कुणाला? मायक्रोसॉफ्टने पॅच (दुरुस्तीचं अपडेट) दिला १६ जुलै २००३ ला आणि वर्म पसरू लागला ११ ऑगस्टला. मधे जवळजवळ चार आठवडे होते, तरी लोकांनी पॅच लावला नाही. नेमकी त्याच सुमारास नव्या सत्राची पोरं आपापले संगणक घेऊन वसतिगृहात आली. मी तेव्हा परदेशात एका विद्यापीठाच्या मदत कक्षात होतो. संगणक नेटवर्कला जोडला की पॅच उतरायच्या आत वर्म आत शिरायचा आणि मिनिटभरात यंत्र बंद होणार असल्याची खिडकी यायची. म्हणजे पॅच मिळवायला नेटवर्क हवं आणि नेटवर्कवर गेलं की लागण. शेवटी पॅचच्या सीडी घेऊन आम्ही खोल्याखोल्यांत फिरलो. नेटवर्कवर येण्याआधी यंत्राची तपासणी करायची पद्धत विद्यापीठांत रुजली ती अशा अनुभवांतून, कुणाच्या हुकूमशाहीतून नाही.

म्हणून विचारतो, तपासणी नको म्हणणारे तो सगळा काळ विसरलेत का?

मोकळावारा

@जुनाजाणता, अनुभवाचा आदर आहे, पण २००३ चं औषध आजच्या दुखण्याला लागू पडत नाही. तेव्हाच्या विंडोजमध्ये फायरवॉल (नको ती रहदारी अडवणारी भिंत) सहसा बंदच असायची, २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून ती मुळातच चालू येऊ लागली. आज अपडेट आपोआप येतात आणि त्या जातीचा वर्म फोनला असा लागत नाही.

मी संशोधक विद्यार्थी आहे. माझ्या लॅपटॉपवर लोकांच्या मुलाखती आहेत, त्यांची ओळख उघड करणार नाही असं मी त्यांना लेखी दिलंय. त्याच लॅपटॉपवर विद्यापीठाचं नियंत्रणाचं सॉफ्टवेअर टाकलं तर त्या वचनाचं काय? आधीच्या एका संस्थेत फोनवर कार्यालयीन ईमेल जोडताना एक पाटी यायची, की प्रशासक या उपकरणावरचा सगळा डेटा पुसू शकतो. सगळा! बहुतेक जण न वाचताच ‘मान्य’ दाबत होते. मी नाही दाबलं, आणि वर्षभर फोनवर ईमेलशिवाय काढलं.

पॅकेटवाला

त्या पाटीवर आता चांगला उपाय आहे. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल असतो, आयफोनमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून ‘यूजर एनरोलमेंट’ आहे. दोन्हींत कामाचा डेटा वेगळ्या कप्प्यात राहतो. संस्थेला तो कप्पा पुसता येतो, तुमचे फोटो आणि निरोप दिसतही नाहीत आणि पुसताही येत नाहीत.

तरी माझं ठाम मत, हा कप्पासुद्धा फक्त कर्मचाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्या हातात इतरांची माहिती असते त्यांच्यासाठीच. विद्यार्थ्याच्या फोनवर विद्यापीठाचं नियंत्रण कुठल्याच रूपात नको. त्याच्यावर जबरदस्ती करता येते म्हणून ती करणं योग्य ठरत नाही.

बोरूबहाद्दर

+१. शेवटच्या ओळींसाठी आणखी +१.

वसतिगृह_वासी

एक शंका. आमच्याकडे ब्राउझरमध्ये एक पान उघडतं आणि म्हणतं, प्रमाणपत्र डाउनलोड करा, नाहीतर साइट्स उघडणार नाहीत. वर @पॅकेटवाला म्हणतात प्रमाणपत्र चांगलं. मग हेही टाकायचं का?

पॅकेटवाला

थांबा! हे वेगळं प्रकरण आहे.

वर बोललो ते प्रमाणपत्र वाय-फायचा सर्व्हर ओळखण्यापुरतं. तुम्ही सांगताय ते बहुधा फायरवॉलचं मूळ प्रमाणपत्र आहे. ते सिस्टममध्ये बसलं की फायरवॉल कुठल्याही साइटच्या नावाने स्वतः प्रमाणपत्र बनवून मधे बसू शकते आणि एचटीटीपीएसच्या (कूटबद्ध जोडणीच्या) आतला मजकूर वाचू शकते. पासवर्डसुद्धा.

नव्या अँड्रॉइडमध्ये ‘प्रमाणपत्र इन्स्टॉल करा’ म्हटलं की तीन पर्याय येतात: सीए प्रमाणपत्र, व्हीपीएन आणि अ‍ॅप वापरकर्ता प्रमाणपत्र, आणि वाय-फाय प्रमाणपत्र. तिसरं टाकायला हरकत नाही. पहिलं निवडलं की फोन स्वतःच इशारा देतो, की तुमचा डेटा खासगी राहणार नाही. तो इशारा शब्दशः खरा आहे. २०१९ मध्ये कझाकस्तान सरकारने नागरिकांना असंच प्रमाणपत्र टाकायला लावलं, तेव्हा मोझिला, गुगल आणि अ‍ॅपल यांनी आपापल्या ब्राउझरमध्ये ते चालूच दिलं नाही.

विद्यापीठाच्या मालकीच्या यंत्रावर असं प्रमाणपत्र असणं एक वेळ समजू शकतो. दुसऱ्याच्या यंत्रावर ते बसवायला सांगणं मला अजिबात मान्य नाही. घातक साइट्स अडवायच्या असतील तर डीएनएसच्या (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) पातळीवर अडवा. कुणाचं पत्र फोडावं लागत नाही.

जुनाजाणता

यावर मात्र पूर्ण सहमत. प्रमाणपत्र नको.

तारयंत्र

चर्चा फार उपयोगी चालली आहे. @वसतिगृह_वासी, तुमच्याकडे खोल्यांत राउटर आणायला परवानगी आहे का? आमच्या समितीत तो एक तापलेला मुद्दा आहे.

वसतिगृह_वासी

परवानगी नाही, राउटर आहेत. खोलीच्या कोपऱ्यात सिग्नल पोचत नाही, पण भिंतीत नेटवर्कचं पोर्ट आहे. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी नवा राउटर लावला आणि अख्ख्या मजल्याचं इंटरनेट गेलं. कुणाचा ते अजून कळलेलं नाही (म्हणजे आम्हाला कळलंय).

पॅकेटवाला

ओळखीचा प्रकार! त्याने भिंतीतली तार राउटरच्या ‘वॅन’ऐवजी (बाहेरच्या जोडणीऐवजी) ‘लॅन’च्या (आतल्या जोडणीच्या) भोकात घातली असणार. राउटर मग सगळ्या मजल्याला स्वतःच पत्ते वाटू लागतो. पोरांना १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, गेटवे (बाहेर जायचं दार) म्हणून तो राउटर दिसतो, आणि त्याच्या पलीकडे काहीच नसतं. आपल्या फोनवर वाय-फायच्या तपशिलात गेटवेचा पत्ता नेहमीपेक्षा वेगळा दिसला तर हेच झालंय समजा.

स्विचवर (मजल्याच्या तारा एकत्र येतात त्या यंत्रावर) ‘डीएचसीपी स्नूपिंग’ चालू केलं की हा त्रास संपतो. पत्ते वाटायचा अधिकार फक्त वरच्या बाजूच्या विश्वासू पोर्टला, बाकी कुठल्या पोर्टवरून उत्तर आलं तर स्विच ते तिथेच टाकून देतो. व्यवस्थापन करता येणाऱ्या बहुतेक स्विचमध्ये ही सोय असते, चालू मात्र करावी लागते. एका पोरामुळे मजला बंद पडत असेल तर पोराला शोधण्याआधी स्विचची सेटिंग बघावी.

तारयंत्र

आणि त्याने राउटर का आणला तेही बघावं. कोपऱ्यात सिग्नल पोचत नसेल तर बंदीची परिपत्रकं काढून काय उपयोग? आधी अ‍ॅक्सेस पॉइंट वाढवायचे, मग राउटर काढून घ्यायचे. दहा राउटर एकमेकांवर ओरडू लागले की आमचंही वाय-फाय मरतं, २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न घुसणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. हे मी समितीत मांडणार.

खटपट्या

फोन-लॅपटॉपचं झालं, पण माझा स्मार्ट स्पीकर आणि गेम खेळायचं यंत्र यांचं काय? त्यांच्यात नाव-पासवर्ड टाकायची जागाच नसते.

पॅकेटवाला

त्यांच्यासाठी चांगली पद्धत म्हणजे प्रत्येकाला त्याच्या उपकरणांपुरती स्वतंत्र किल्ली द्यायची. वाय-फायचं नाव एकच, पण तुमच्या किल्लीवर आलेली उपकरणं फक्त एकमेकांना दिसतात, शेजारच्याची नाही. नाहीतर फोनला स्पीकर सापडू द्यायला सगळ्यांची उपकरणं सगळ्यांना दिसू द्यावी लागतात, आणि मग रात्री दोनला कुणीतरी तुमच्या स्पीकरवर स्वतःची आवड ऐकवतं.

खटपट्या

आमच्याकडे झालंय. सनई होती.

सावलीतली

अवांतर होईल कदाचित, पण लेक यंदा पहिल्या वर्षाला वसतिगृहात जातेय. नवा लॅपटॉप घेतलाय. जाण्याआधी मी काय करून देऊ? मला यातलं जुजबी कळतं, सोपं करून सांगा.

मोकळावारा

सावलीतली ताई, अवांतर मुळीच नाही, धाग्याचा विषयच हा आहे.

सगळ्यात आधी रिकव्हरी की. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. चोरीला गेला तर डेटा सुरक्षित, हे छानच. पण पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये फेरफार झाला तर निळा पडदा येतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो. ती खात्यात साठवलेली असते. लेकीला ती कुठे सापडते हे आत्ताच दाखवा आणि कागदावर लिहून घरी ठेवा. खातं लेकीच्याच नावाचं असू द्या, दुकानदाराने बनवून दिलेलं नको. प्रबंध सादर करायच्या आठवड्यात हा निळा पडदा पाहून रडणारी मुलं मी पाहिली आहेत. किल्ली नसेल तर कुणीच काही करू शकत नाही.

दुसरं, कामाच्या फायलींची एक प्रत ऑनलाइन ड्राइव्हवर आणि एक वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क एरवी लॅपटॉपला जोडलेली नको. तिसरं, विंडोज किंवा ऑफिस ‘फुकटात चालू करून देणारं’ काही टाकू देऊ नका. ते टाकायला आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतात, तिथेच ओळखावं. बहुतेक विद्यापीठं ऑफिस विद्यार्थ्यांना परवान्यासह देतात, आधी तिथे विचारा.

सावलीतली

खूप खूप धन्यवाद. किल्ली सापडली. लिहून घेतली, देवघरातल्या कपाटात ठेवली.

जुनाजाणता

छान. पण मी माझा मुद्दा सोडलेला नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांनी वाढीव सुरक्षा अपडेट घेतले नाहीत ती यंत्रं उघडी आहेत. ती नेटवर्कवर का येऊ द्यायची?

आणि २०१९ चं मास्ट्रिख्ट विद्यापीठ बघा. ऑक्टोबरमध्ये फिशिंगच्या (फसव्या) ईमेलमधून शिरकाव झाला, २३ डिसेंबरला खंडणीखोरांनी २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. काही महत्त्वाच्या बॅकअपही गेल्या. ३० बिटकॉइन मोजावे लागले, तेव्हाचे साधारण दोन लाख युरो.

पॅकेटवाला

मास्ट्रिख्टचं उदाहरण मोलाचं आहे, पण ते उलट बाजूने बोलतं. तिथे घात झाला तो विद्यार्थ्याच्या फोनमुळे नाही. ईमेलमधून आत आलेला माणूस दोन महिने आतल्या आत फिरू शकला, वाटेत पॅच न लावलेले सर्व्हर होते आणि काही बॅकअप त्याच नेटवर्कवर होते. विद्यार्थ्यांची उपकरणं कितीही तपासली असती तरी यातलं काहीच अडलं नसतं. त्या विद्यापीठाने नंतर सगळं उघडपणे मांडलं, म्हणून आपण आज त्यातून शिकू शकतो. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

नेटवर्क असं बांधायचं की आजारी लॅपटॉप आला तरी त्याला फक्त इंटरनेट दिसावं. शेजारचा लॅपटॉप नाही, परीक्षा विभागाचा सर्व्हर तर नाहीच. मग विंडोज १० वाल्या पोराला हाकलायची गरज उरत नाही. त्याला बोलवा आणि विचारा, नव्या विंडोजवर जाता येतंय का, नाहीतर लिनक्स बसवून देऊ का. ज्याला नवं यंत्र घेणं परवडत नाही त्यालाच नेटवर्कबाहेर काढणं हे शिक्षणसंस्थेला शोभत नाही.

जुनाजाणता

वेगळं काढणं जमत असेल तर हाकलणार नाही, इथवर मी येतो. पण ज्या यंत्रातून हल्ला होताना दिसतोय ते नेटवर्कवरून ताबडतोब तोडायचा अधिकार विभागाकडे हवा. मालकाला विचारत बसायचं नाही.

मोकळावारा

हे मलाही मान्य. फक्त तोडल्यावर त्याला काय झालं, का तोडलं आणि कुणाला भेटायचं हे दिसलं पाहिजे. नुसतं इंटरनेट गेलं तर तो फोनचा हॉटस्पॉट लावून पुढे चालू राहतो आणि यंत्र तसंच आजारी राहतं.

तारयंत्र

धागा मूळ प्रश्नावर आलाय, तर मसुद्यात काय घालतोय ते सांगतो. विद्यार्थ्यांच्या उपकरणांवर नियंत्रणाचं सॉफ्टवेअर नाही, मजकूर वाचणारं प्रमाणपत्र नाही. वाय-फायची सेटिंग हाताने भरायला लावायची नाही, एज्युरोमसाठी (विद्यापीठांच्या सामायिक जागतिक वाय-फायसाठी) जशी तयार प्रोफाइल मिळते तशी द्यायची, म्हणजे डोमेन आणि प्रमाणपत्र आपोआप बरोबर बसतं. उपकरणं एकमेकांपासून वेगळी. हल्ला करणारं यंत्र लगेच बाजूला, पण कारण सांगणारं पान आणि मदत कक्षाची वेळ त्याच्यासमोर.

एक गोष्ट अजून सुटत नाही. मदत कक्षातल्या माणसाने विद्यार्थ्याच्या लॅपटॉपला हात लावायचा का? आमचे वरिष्ठ म्हणतात, डेटा गेला तर दोष आपल्यावर येईल.

निशाचर

मी विद्यार्थी म्हणून सांगतो. हात लावा, पण आम्हाला शेजारी बसवून. लॅपटॉप ठेवून जा, उद्या या, असं नको. पासवर्ड आम्हीच टाकू, तुम्ही मागू नका. काम सुरू करण्याआधी बॅकअप आहे का विचारा आणि नसेल तर आधी तो घ्यायला लावा. कागदावर सही मागितलीत तरी चालेल. आणि कक्ष संध्याकाळी उघडा ठेवा, दिवसा आम्ही वर्गात असतो.

तारयंत्र

हे जसंच्या तसं मसुद्यात जातंय.

खटपट्या

आणखी एक घाला. पासवर्ड बदलला की जुना फोन कपाटात पडल्या पडल्या जुनाच पासवर्ड पाठवत राहतो आणि खातं लॉक होतं. माझं ऐन परीक्षेच्या अर्जाच्या दिवशी झालं होतं.

पॅकेटवाला

त्यावर पक्का उपाय म्हणजे पासवर्डच काढून टाकणं. तयार प्रोफाइल देणारच आहात, तर तिच्यातून प्रत्येक उपकरणाला स्वतःचं प्रमाणपत्र द्या, म्हणजे ईएपी-टीएलएस. पासवर्ड बदलला तरी वाय-फायला फरक पडत नाही, चोरायला हवेत पासवर्ड जातच नाही, आणि फोन हरवला तर त्या एकाच फोनचं प्रमाणपत्र रद्द करायचं. वरिष्ठांना सांगताना इथून सुरुवात करा. मदत कक्षाकडे येणाऱ्या पासवर्डच्या तक्रारी कमी होतील हे त्यांना लगेच पटेल.

तारयंत्र

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. प्रमाणपत्राची चाचणी आधी एका वसतिगृहात घ्यायची असं सुचवतो. @वसतिगृह_वासी, तुमच्या मजल्याला लागू होतील असे आणखी मुद्दे असतील तर तोवर इथेच लिहा.